दोन लढती जिंकल्या, पट्टा मात्र दुसऱ्याच्या नावावर: वाशिम जिल्ह्यातलं एक प्रकरण

वाशिम जिल्ह्यातल्या एका खेड्यातला एकवीस वर्षांचा बॉक्सर. वजन साठ किलोच्या आतबाहेर. शालेय स्पर्धांतून वर आलेला, खुल्या गटात राज्य पातळीवर एक पदक असलेला. घरी कोरडवाहू शेती, सोयाबीन-तूर आणि थोडी पऱ्हाटी. विदर्भातल्याच एका मोठ्या शहरात व्यावसायिक धर्तीच्या लढतींचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा आयोजकानं त्याला फोनवर सांगितलं: आमच्याकडे दोन लढती जिंक, तिसरी पट्ट्यासाठी, म्हणजे किताबासाठी. पोरानं दोन्ही जिंकल्या. तिसऱ्या कार्यक्रमाचं पोस्टर व्हॉट्सॲपवर आलं, तेव्हा त्याचं नाव अगदी खालच्या ओळीत होतं, चार राउंडांच्या साध्या लढतीत. पट्ट्यासाठी मोठ्या फोटोसह झळकला तो शहरातलाच एक मुलगा. त्या कार्यक्रमात तो तोवर एकदाच रिंगमध्ये उतरला होता.

या मुलाला मी तालुक्याच्या ठिकाणी बॉक्सिंग शिकवतो. त्यामुळे मी तटस्थ नाही आणि तसा आवही आणत नाही. पण हा प्रश्न एका पोरापुरता नाही. लंडन आणि लास वेगासच्या रिंगमध्ये जो वाद वर्षानुवर्षं चालू आहे तोच इथं आला आहे: किताबाची संधी खेळाडू कमावतो, की बाजार ती त्याला देतो? म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं मांडतो.

रिंगमध्ये काय झालं

पहिली लढत सोपी गेली. दुसरीत समोरचा उंच होता आणि डावखुरा. पहिल्या राउंडभर आमच्या पोराला त्याच्या जवळ जाता येईना. आत शिरायला गेला की तोंडावर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. दुसऱ्या राउंडपासून त्यानं आपला डावा पाय समोरच्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर टाकायला सुरुवात केली. डावखुऱ्याशी लढताना हे एक पाऊल जमलं की उजव्या हाताला वाट मोकळी होते. त्यानं तो हात डोक्याकडे नेलाच नाही, सरळ पोटात घातला. तसा तिसरा ठोसा बसला तेव्हा समोरच्याचं कोपर आपसूक खाली आलं. कोपर खाली आलं की हनुवटी उघडी पडते. शेवटच्या राउंडमध्ये पंचांनी दोनदा आठपर्यंत मोजलं. निकाल एकमतानं आमच्या बाजूनं. खेळाच्या मापानं पाहिलं तर त्यानं मागितलेलं सगळं दिलं होतं.

रिंगबाहेर काय झालं

प्रत्येक लढतीआधी आयोजक खेळाडूच्या हाती तिकिटांचं एक पुस्तक द्यायचा. पन्नास तिकिटं, एक तीनशे रुपयांचं. विकली जातील त्यातला थोडा वाटा खेळाडूचा. यात गैर काही नाही. ब्रिटनमधल्या छोट्या सभागृहांतल्या लढतीही वर्षानुवर्षं अशाच चालतात; नवखा व्यावसायिक बॉक्सर आपल्या गल्लीत, कामावर, नातेवाइकांत तिकिटं खपवतो आणि त्याच पैशातून त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं मानधन निघतं. जो जास्त खपवतो त्याला प्रमोटर घरच्या कोपऱ्यात ठेवतो आणि जपून पुढे नेतो. जो खपवत नाही त्याला दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या माणसासमोर उभं केलं जातं.

आमच्या पोराची नऊ तिकिटं विकली गेली. शहरातल्या मुलाची तीन पुस्तकं संपली.

आता या नऊ आणि दीडशेतला फरक बघा. आमच्या गावातून शहराला जायला एस.टी.नं साधारण तीन तास. लढती रात्री आठनंतर सुरू होतात आणि परतीची शेवटची गाडी त्याआधीच सुटलेली असते. म्हणजे बघायला जायचं तर जीप ठरवायची किंवा रात्र बसस्टँडवर काढायची. दिवस कापूस वेचणीचे. बायामाणसं सकाळपासून वावरात. सोयाबीन विकून आलेले पैसे कृषी केंद्राच्या उधारीत गेलेले आणि कापूस अजून घरात. अशा दिवसांत तीनशेचं तिकीट आणि वर जीपचं भाडं. गावातली पोट्टी त्याच्यासाठी जीव टाकतात. निकाल आला त्या रात्री चौकात फटाके वाजले. पण ती गर्दी आयोजकाच्या सभागृहात नव्हती, गावातल्या चौकात होती. शहरातल्या मुलाच्या जिमची पोरं दुचाकीवर दहा मिनिटांत सभागृहात पोहोचत होती.

लोकप्रियता म्हणून जे मोजलं गेलं त्यात बराचसा भाग अंतराचा होता. पोराच्या मेहनतीचा किंवा गावाच्या प्रेमाचा त्यात काही दोष नव्हता. या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे, आणि मोठ्या रिंगमध्येही ती तशीच चालते. मेक्सिकन बॉक्सर कॅनेलो अल्वारेझच्या बऱ्याच मोठ्या लढती मे आणि सप्टेंबरमधल्या मेक्सिकन सणांच्या शनिवारी ठेवल्या गेल्या, कारण त्याचा प्रेक्षक त्या दिवसांत लास वेगासला येऊ शकत होता. प्रेक्षक पोहोचू शकेल अशी जागा आणि वेळ ज्याच्या वाट्याला येते, तो पुढे सरकतो.

पोराचे वडील फारसे बोलणारे नाहीत. पोस्टर पाहून त्यांनी शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, दाखला देत एवढंच विचारलं, "सर, शंकरपटात घड्याय सांगते कोनती जोडी पयली आली. इथं कोन सांगते?"

एक हजारापेक्षा जास्त दिवस थांबलेला माणूस

त्यांना उत्तर देण्यासाठी मी डिलियन व्हाइट या ब्रिटिश बॉक्सरचं उदाहरण सांगितलं. हेवीवेट या सगळ्यात वरच्या वजनगटातलं हे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलतं, म्हणून सविस्तर सांगतो.

डिसेंबर २०१५ मध्ये लंडनच्या ओ-टू अरेनात व्हाइट आणि अँथनी जोशुआ समोरासमोर आले. जोशुआ सातव्या राउंडमध्ये जिंकला. त्यानंतर चारच महिन्यांत, एप्रिल २०१६ मध्ये, जोशुआला जागतिक किताबाची लढत मिळाली. ती त्याची फक्त सोळावी व्यावसायिक लढत. तो २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा सुवर्णविजेता होता, घरचा होता, सभागृह भरत होता. समोर होता चार्ल्स मार्टिन, आणि मार्टिनकडे तो पट्टा आला कसा तेही बघण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये टायसन फ्युरीनं क्लिचकोला हरवून किताब घेतले. करारात परतीच्या लढतीची अट असल्यानं त्याला आधी क्लिचकोशीच पुन्हा खेळायचं होतं. आयबीएफ या संघटनेनं नियमावर बोट ठेवून सांगितलं की अनिवार्य दावेदार, म्हणजे ज्याच्याशी विजेत्याला लढावंच लागतं तो, ग्लाझकोव्ह आहे, त्याच्याशी लढ. फ्युरी तयार नव्हता, म्हणून काही दिवसांतच त्याचा तो पट्टा काढून घेतला. मग जानेवारी २०१६ मध्ये मार्टिन आणि ग्लाझकोव्ह लढले, ग्लाझकोव्हचा गुडघा तिसऱ्या राउंडमध्ये गेला आणि मार्टिन विजेता ठरला. तीन महिन्यांच्या आत जोशुआनं त्याला दुसऱ्या राउंडमध्ये झोपवलं. नियम काटेकोर पाळला गेला, तरी त्यातून जो विजेता निघाला तो टिकला नाही. बाजारानं निवडलेला जोशुआ मात्र खरोखर चांगला होता. रांग आणि गुणवत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथं कबूल करावं लागतं.

आता व्हाइटकडे. हरल्यावर तो पुन्हा वर चढला. २०१८ मध्ये लुकास ब्राउनला, मग जोसेफ पार्करला, मग चिसोराला हरवलं. डब्ल्यूबीसी या संघटनेच्या क्रमवारीत तो २०१७ च्या अखेरीपासूनच पहिल्या क्रमांकावर होता आणि विजेत्याशी लढत लागण्याची वाट बघत होता. विजेता होता डिऑन्टे वाइल्डर. डिसेंबर २०१८ मध्ये वाइल्डर लढला टायसन फ्युरीशी, बरोबरी झाली. मग ब्रीझील, मग पुन्हा ओर्टिझ, मग फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा फ्युरी. फ्युरीनं सातव्या राउंडमध्ये किताब घेतला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिसऱ्यांदा फ्युरी आणि वाइल्डर. अमेरिकन टीव्हीचा पैसा त्या जोडीवर लागला होता. एक हजाराहून जास्त दिवस पहिल्या क्रमांकावर बसलेला माणूस त्या पैशाच्या वाटेत आडवा येत होता.

त्या काळात सगळंच बाजाराच्या माथी मारता येत नाही. जुलै २०१९ मध्ये ऑस्कर रिवासशी झालेल्या लढतीच्या आधीच्या उत्तेजक चाचणीवरून व्हाइटचा दावेदाराचा दर्जा काही महिने थांबवला गेला. डिसेंबरमध्ये तो निर्दोष ठरला. आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्यानं स्वतःच जोखीम घेतली. घरी बसून न राहता रशियाच्या अलेक्झांडर पोव्हेटकिनशी लढला. चौथ्या राउंडमध्ये त्यानं पोव्हेटकिनला दोनदा खाली पाडलं. पाचव्यात पोव्हेटकिनचा एक डावा अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, आला आणि व्हाइट आडवा झाला. दोन वर्षांहून जास्त थांबून मिळवलेली जागा एका ठोशात गेली. मार्च २०२१ मध्ये जिब्राल्टरला त्यानं पोव्हेटकिनला हरवून ती परत मिळवली.

थांबणाऱ्याला ही किंमत मोजावी लागते. विजेता सोयीनं निवडतो आणि रांगेतला माणूस पोट भरण्यासाठी धोक्याच्या लढती खेळत राहतो. त्याचं वय पुढे जातं, एखाद्या रात्री हनुवटी उघडी पडते, आणि मग म्हणायला सगळे मोकळे, "बघा, लायक नव्हताच."

शेवटी २३ एप्रिल २०२२ ला वेम्बलीवर फ्युरी-व्हाइट लढत झाली, ९४ हजार प्रेक्षकांसमोर. दोन्ही बाजूंत बोलणी जुळेनात म्हणून लढतीच्या हक्कांसाठी बोली लागली होती. प्रमोटर फ्रँक वॉरनच्या कंपनीनं ४ कोटी १० लाख डॉलरहून जास्त बोली लावून ती जिंकली. डब्ल्यूबीसीनं वाटणी ठरवली विजेत्याला ८० टक्के, आव्हानवीराला २० टक्के. त्यातून जिंकणाऱ्यासाठी १० टक्के बाजूला काढले तरी व्हाइटच्या वाट्याला सुमारे ७४ लाख डॉलर आले. सहाव्या राउंडमध्ये फ्युरीच्या उजव्या अपरकटनं लढत संपली.

हे ऐकून वर्गातल्या एका पोरानं विचारलं, मग हरलाच ना, थांबून काय मिळालं? मला वाटतं, रांगेच्या नियमानं त्याला किताब दिला नाही, पण रिंगमध्ये उभं राहण्याचा हक्क आणि एक रक्कम नक्की दिली. तो नियम नसता तर फ्युरीला व्हाइटशी लढण्याची गरजच नव्हती.

पंच कोण आणि दुकानदार कोण

डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ, डब्ल्यूबीओ या चार संघटना क्रमवारी लावतात आणि किताबाच्या लढतींवर मानधनाचा ठरावीक हिस्सा शुल्क म्हणून घेतात, साधारण ३ टक्क्यांपर्यंत. मानधन जितकं मोठं, शुल्क तितकं मोठं. म्हणजे ज्यानं रांग सांभाळायची त्याचंच उत्पन्न रांग मोडणाऱ्या मोठ्या लढतीतून वाढतं. डिसेंबर २०२५ मध्ये डब्ल्यूबीसीनं टेरेन्स क्रॉफर्डचा किताब काढून घेतला. त्यानं सप्टेंबरमध्ये कॅनेलोला हरवून तो मिळवला होता आणि कारण होतं न भरलेलं शुल्क. रिंगमध्ये जिंकलेली गोष्ट वसुलीच्या वहीवर गेली.

क्रमवारीतही हे दिसतं. फ्रान्सिस एनगानू हा मिश्र युद्धकलेतला मोठा खेळाडू. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो आयुष्यातली पहिली व्यावसायिक बॉक्सिंग लढत टायसन फ्युरीशी खेळला. फ्युरीला त्यानं खाली पाडलं हे खरं, पण निकाल त्याच्या विरोधात गेला. तरी डब्ल्यूबीसीनं त्याला पहिल्या दहांत बसवलं, एकही विजय नसताना. यूट्यूबवरून आलेल्या जेक पॉलला २०२५ मध्ये डब्ल्यूबीएनं क्रूझरवेट या वजनगटात चौदावा क्रमांक दिला. आमच्या पोरांना जेक पॉल माहीत आहे तो माइक टायसनशी झालेल्या लढतीमुळे. आणि त्या नोव्हेंबर २०२४ च्या कार्यक्रमात आपला नीरज गोयत जिंकला होता, याचा त्यांना अभिमान आहे.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. विजेंदर सिंगला जुलै २०१६ मध्ये दिल्लीत डब्ल्यूबीओचा आशिया-पॅसिफिक किताब लढायला मिळाला, फक्त सातव्या व्यावसायिक लढतीत. त्याचं ऑलिंपिक कांस्य आणि नाव नसतं तर एवढ्या लवकर ती संधी आली नसती. पण समोर केरी होप होता, युरोपचा माजी विजेता, आणि विजेंदर त्याच्याशी पूर्ण दहा राउंड खेळून एकमतानं जिंकला. संधी त्याला नावावर मिळाली, पट्टा त्यानं हातानं मिळवला.

म्हणून मी आमच्या पोराला ठामपणे सांगितलं की शहरातल्या मुलाबद्दल वाईट बोलायचं नाही. त्याची पट्ट्याची लढत आम्ही मुद्दाम पाहिली. तो चांगला लढला. पाय हलके, डोकं जागेवर, शेवटच्या दोन राउंडमध्ये दम टिकला. तिकिटं विकली जाणं हा काही त्याचा गुन्हा नाही. आयोजकानं सभागृहाचं भाडं, रुग्णवाहिका, डॉक्टर, रिंग, पंच यांचा खर्च स्वतःच्या खिशातून केला होता आणि तो भरून काढणं त्याचा हक्क आहे.

माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. खासगी आयोजकानं तिकिटं बघून जोड लावली तर तो त्याचा धंदा. मग त्यानं पहिल्याच दिवशी तसं सांगायला हवं होतं: "पट्ट्याची लढत दीडशे तिकिटांवर लागेल." त्यानं सांगितलं मात्र, "दोन जिंक." पोरानं त्या शब्दावर दोन महिने शेतातलं काम भावावर टाकलं, उधारीवर अंडी खाल्ली आणि वजन मारलं. नियम खेळाचा सांगायचा आणि निर्णय गल्ल्याचा घ्यायचा, यात फसवणूक आहे. संघटनांच्या बाबतीत मी त्याहून कडक आहे. रांग राखण्यासाठीच त्या शुल्क घेतात, म्हणून त्यांना आयोजकाची सवलत नाही.

हौशी वाट तरी सरळ आहे का

गावात लोक म्हणतात, हे पैशाचं बॉक्सिंग सोडा, जिल्हा-विभाग-राज्य ही वाट बरी. बरीच बरी आहे. तिथं ड्रॉ निघतो, जिंकत गेलात की तुमची जागा कुणी काढून घेत नाही. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीनं बॉक्सिंगची जी परंपरा तयार केली ती याच वाटेवर. बुलढाणा जिल्ह्यातला अनंता चोपडे तिथूनच पुढे गेला आणि २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या स्पर्धेत त्यानं सुवर्ण आणलं. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडमध्ये युवा जगज्जेती झाली.

तरी तिथंही वजनदार नावाचा प्रश्न आला होता. २०१९ मध्ये ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी मेरी कोमला निवड चाचणीच्या लढतीशिवाय पाठवायचं ठरत होतं. निखत झरीननं क्रीडामंत्र्यांना जाहीर पत्र लिहिलं की चाचणी घ्या. डिसेंबरमध्ये दिल्लीत ती झाली आणि मेरी कोम ९-१ नं जिंकली. निखत हरली, पण चाचणी झाली ती तिनं मागितली म्हणून. २०२२ आणि २०२३ मध्ये ती जगज्जेती झाली.

पोराच्या वडिलांना हे उदाहरण पटलं, पण त्यांचा पुढचा प्रश्न मात्र सरळ पोटाचा होता. "त्या पट्ट्यावर नोकरी लागते काय?" नाही लागत. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी शासनानं मान्य केलेल्या स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. खासगी कार्यक्रमातला पट्टा तिथं कामाचा नाही. पोलीस भरतीचं स्वप्न असलेल्या घरात हा मुद्दा कोणत्याही किताबापेक्षा जड आहे. तरीही पोराला व्यावसायिक रिंग सोडायची नाही. दोन्ही करीन म्हणतो. त्याचं वय बघता मी त्याला अडवत नाही.

आम्ही काय केलं

आयोजकाशी भांडण केलं नाही. पोस्टरवरची चार राउंडांची लढत पोर खेळला आणि जिंकला. त्यानंतर आयोजकाचा पुन्हा फोन आला, तेव्हा आम्ही अटी कागदावर मागितल्या. पहिली: पट्ट्याची लढत कशावर ठरणार, विजयांवर की तिकिटांवर, ते लेखी द्या. दुसरी: ठरलेल्या तारखेला ती लागली नाही तर तयारीचा खर्च म्हणून ठरावीक रक्कम द्या. तिसरी अट वडिलांनी सुचवली, आणि माझ्या मते ती सगळ्यात शहाणी: एक कार्यक्रम आमच्या तालुक्याला ठेवा, संध्याकाळी पाचला सुरू करा, म्हणजे आसपासच्या गावांतली माणसं शेवटच्या गाडीनं घरी जातील. मग मोजा कोणाची किती तिकिटं जातात.

पहिली अट आयोजकानं मान्य केली आणि सही करून पाठवली. दुसरीत रक्कम निम्मी केली, आम्ही ती घेतली. तिसरीसाठी तो मार्केट यार्डातली जागा बघायला येतो म्हणाला आहे, कापसाची खरेदी आटोपल्यावर.